बिनइंजिनाची गाडी

दादानं पाठवलेल्या खोक्यातून खेळण्यातल्या आगगाडीचं इंजिन निघालं. वस्तू देखणी होती, त्यात वाद नाही. काळंभोर अंग, कडेला पितळी पट्टी, चाकांचा लाल रंग असा की जिभेवर त्याची चव यावी. भोवतीचा भुसा झटकत बायको म्हणाली, "अरे, हातात तरी घे." मी घेतलं. जड होतं. संध्याकाळची वेळ, टेबलावर फाडलेला पुठ्ठा, चहा निवत चाललेला, आणि तळहातावर ते गारढोण लोखंड. मला एकदम वाटलं, आपल्या घरात कुणीतरी न विचारता राहायला आलंय. सोबत चिठ्ठी नव्हती. दादा चिठ्ठ्या लिहीत नाही, फोन करतो. फोन आलाच. "मिळालं ना? चला, तुझ्या डब्यांना वाली मिळाला एकदाचा! आता ऐक. माझ्याकडची खालची खोली मी रिकामी केलीय. सुताराला टेबल सांगितलंय, खोलीभर. रविवारी गाडी घेऊन येतो, तुझे सगळे डबे उचलू आणि तिकडे मांडून टाकू. पलंगाखाली नुसते धूळ खात पडलेत. तू काही करू नकोस, मी बघतो." मी म्हणालो, "बरं." दादाशी बोलताना माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. फोन ठेवला तर बायको माझ्याकडे बघत होती. लोकांची आखडलेली अंगं मोकळी करणं हा तिचा व्यवसाय, त्यामुळे घरातही तिची नजर माणसाच्या तोंडाकडे आधी जात नाही. "खांदे," ती म्हणाली. मी खांदे खाली घेतले. दादाचा फोन आला की ते कानांपर्यंत चढतात, हे तिनं लग्नानंतर लगेचच ओळखलं होतं.

डब्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा सगळा पोरखेळ वाटेल. वाटला तरी माझी हरकत नाही. माझ्याकडे खेळण्यातल्या मालगाडीचे जुने डबे आहेत. फक्त मालगाडीचे, आणि फक्त डबे. कोळशाचे उघडे, तेलाच्या टाक्या, फळ्याफळ्यांचे गुरांचे, सरकत्या दारांचे बंद, ओंडके वाहणारे सपाट. कुणी टिनचा, कुणी लाकडाचा, कुणी नंतरच्या काळातला प्लॅस्टिकचा. वर्तमानपत्रवाले खऱ्या डब्यांना वाघिणी म्हणतात. माझ्याकडच्या मांजरी म्हणाव्यात, कारण बुटांच्या खोक्यांत एकमेकींना चिकटून त्या निमूट झोपलेल्या असतात. सुट्टीच्या दिवशी जुना बाजार भरतो, तिथे चष्म्यांच्या जुन्या फ्रेमा विकणारी एक बाई बसते. तिला आम्ही सगळे चष्मेवालीच म्हणतो. तिच्या गाठोड्यात कधीमधी आगगाड्याही येतात. इंजिनांचे शौकीन सकाळीच येऊन जातात. ती मंडळी वस्तू समोरून बघतात, धुराडं, दिवे, अंगावरचे आकडे, आणि किमतीवरून हुज्जत घालतात. त्यांचं आटोपलं की तळाशी डबे उरतात. ते मातीमोल भावात मिळतात. मी डबा हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करतो. चाकं, आस, हूक, पोटाखालचा गंज. डबा कळतो तो खालून. चष्मेवाली हसते. म्हणते, "घोड्याचे दात बघावेत तसं काय बघता हो?" तिला माहीत नाही की मी पोटासाठी दातच बघतो. कवळ्या बनवतो. शहरातले डॉक्टर तोंडांचे साचे पाठवतात, मी त्यांवरून प्लॅस्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. तोंडाचा मालक मला कधी दिसत नाही. पण तो कुठल्या बाजूनं चावतो, कुठल्या बाजूनं राग गिळतो, हे मला ठाऊक असतं.

घरी येणारा प्रत्येक जण डबे पाहून एकच प्रश्न विचारतो, आणि तो विचारताना प्रत्येकाला वाटतं की हा आपल्यालाच सुचला: "इंजिन कुठंय?" मी म्हणतो, "नाहीये." मग ते माझ्याकडे असे बघतात, जणू मी ताट-वाट्या मांडून जेवायचंच विसरलोय. आजवर ते मला खुपलं नव्हतं. आता कपाटावर खरोखरच इंजिन होतं, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या समोरून चोरासारखा ये-जा करत होतो. दाढी करताना ते आरशात दिसे. जेवताना ते माझ्या पाठीमागे असे, आणि पाठ तेवढ्याच जागी गार पडे. रविवारनंतर काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. दादाच्या खालच्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात मोठं टेबल. त्यावर इंजिन गरागरा फिरतंय, मागून माझे डबे फरफटत चाललेत. दादा बटण धरून उभा आहे, पाहुण्यांना सांगतोय, "हे आमच्या धाकट्याचे." आणि धाकटा भिंतीपाशी उभा राहून हसतोय. त्यात दादाचा वाईट हेतू नव्हता, हीच तर अडचण होती. दादानं माझं वाईट कधी केलंच नाही. मला शिकायला घातलं त्यानं, कवळ्यांच्या कामाला लावलं त्यानं, हे घर बघून दिलं त्यानं. ज्या माणसानं तुमचं सगळं भलं केलं, त्याला नाही कसं म्हणायचं, हे कुणी शिकवत नाही.

एकदा मी इंजिनाच्या मागे डबा लावून पाहिला. हूक बसेना. दुसरा लावला, तोही बसेना. इंजिनाचा हूक नव्या घडणीचा, माझे डबे नाना घरचे, नाना काळांतले, त्यांचे हूक एकमेकांतच धड अडकत नाहीत. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात दादाचा आवाज कानात घुमला: "तुला काय अवघड आहे, तुझ्या हातात तर कला आहे." खरंच अवघड नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कामं उरकल्यावर मी तार घेतली, पक्कड घेतली, आणि जोडहूक वाकवायला बसलो. कवळीला तारेची पकड बसवतो तसाच तो प्रकार. बर्नर फुरफुरत होता, मेणाचा गोडसर वास येत होता. तार वाकत होती, माझा हात आपोआप चालला होता. आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की मी उरलेल्या आयुष्याचा हूक वळतोय. हात थांबला. तार टेबलावर पडली. तिचा टिणकन आवाज झाला, आणि त्या आवाजासरशी मला हिरवा डबा आठवला.

तो माझा पहिला डबा. तो अजून आहे, सगळ्यांत जुन्या खोक्यात, कापसात. बाबांनी दादाला आगगाडी आणली होती, किल्लीची. इंजिन आणि मागे डबे. दादा फरशीवर पालथा पडून ती चालवायचा आणि मी कडेला उकिडवा बसून वाट बघायचो. "थांब, आता माझा नंबर," तो म्हणायचा. त्याचा नंबर संपतच नसे. एक हिरवा डबा होता, त्याचा हूक मोडला. गाडीला लागेना, म्हणून तो मला मिळाला. मग बाबा गेले. घरात माणसांची गर्दी झाली आणि ओसरली. दादाच्या ओठांवर तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. बाबांचं घड्याळ त्यानं मनगटावर चढवलं, ते त्याला ढगळ व्हायचं, हात खाली केला की पंज्यापर्यंत घसरायचं. मला कुणी विचारत नव्हतं. एका दुपारी आईनं इस्त्रीची फळी खिडकीच्या कट्ट्याला तिरकी लावून ठेवलेली. मी हिरवा डबा वरच्या टोकाला ठेवला, बोटानं धरला, आणि बोट काढलं. डबा क्षणभर थबकला. जणू विचारत होता, जाऊ? आणि निघाला. कुणी ओढलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. बारीक घरघर करत तो फळीवरून उतरला, फरशीवर आला, आणि दाराच्या उंबऱ्याला अलगद टेकून थांबला. त्या सगळ्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली. मी पुन्हा सोडला, पुन्हा सोडला. दादा दारात येऊन कधी उभा राहिला कळलंच नाही. ढगळ घड्याळ वर सारत तो म्हणाला, "त्यात काय? उतारावर कुठलीही वस्तू घरंगळते. अभ्यासाला बस." मी बसलो. तो पुन्हा कधी आगगाडीशी खेळला नाही, आणि त्याचं ते किल्लीचं इंजिन आवराआवरीत कुठं गेलं, तेही कुणाला कळलं नाही.

लॅबमधल्या स्टुलावर मी बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे हे होतं तर. इंजिन परवडत नाही म्हणून नाही, दादाचा हेवा म्हणून नाही. मला ते बोट काढणं हवं होतं. बाजारात डबा उलटा करून मी चाकाला बोटानं टिचकी देतो, आणि ते फिरत राहतं तेवढा वेळ माझा श्वास अडकतो, तो ह्याचसाठी. इतकी वर्षं मी डबे जमवत होतो आणि त्यांना उतार द्यायचा मात्र विसरलो होतो! मला हसू फुटलं. कपाळाला हात लावून एकटाच हसत बसलो. मग कोपऱ्यातली मुदत संपलेल्या प्लॅस्टरचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आलो. बायकोनं दार उघडलं, पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता काय, घराची कवळी करतोस?" मी म्हटलं, "उतार करतोय." मग तिनं बैठकीतला गालिचा स्वतःच गुंडाळला. माझं लग्न बरोबर माणसाशी झालंय, हे मला अधूनमधून असं एकदम कळतं.

रूळ चष्मेवालीकडून आणले. आठवड्यातल्या मधल्याच दिवशी मला तिच्या घराच्या दारात पाहून ती चकित झाली. "शेवटी इंजिन घेतलंत वाटतं!" "नाही," मी म्हणालो, "इंजिन आलंय. म्हणून रूळ हवेत." तिला काही कळलं नाही, पण तिनं गंजक्या रुळांची मोळी बांधून दिली. बैठकीतल्या पुस्तकांच्या फडताळावरून मी सुरुवात केली. तिथून खाली पुस्तकांच्या चळती, त्यांवर प्लॅस्टरचा उतार, मग लांबच लांब पॅसेज, फ्रिजपाशी वळण, आणि बाल्कनीच्या दाराशी अगदी किंचित चढ, डबे थांबावेत म्हणून. बायको ते सगळे दिवस बगळ्यासारखी पाय उचलून वावरत होती. आणि डबे! पलंगाखाली सगळे एकसारखे गरीब दिसायचे, उतारावर लागले तसे प्रत्येकाचे गुण बाहेर पडले. तेलाची टाकी बेफाम सुटायची आणि फ्रिजच्या वळणावर स्वतःला झोकून द्यायची. गुरांचा डबा अर्ध्यात रुसून बसायचा. ओंडक्यांचा सपाट डबा दिसायला दांडगा, पण चालायचा एखाद्या म्हाताऱ्यासारखा, जपून, आणि हमखास पोचायचा. कवळी कुठं टोचते ते बघायला आमच्याकडे एक निळा कागद असतो. दातांमध्ये धरून चावलं की जिथं जास्त दाब तिथं निळा ठिपका उमटतो. तो मी चाकांखाली धरला. कुठलं चाक कुठं घासतं, कुठली आस तिरकी, सगळं निळं निळं दिसायला लागलं. पळणाऱ्याला आसेपाशी लोकरीचा धागा लावला, रुसणाऱ्याच्या पोटात प्लॅस्टरचं वजन बसवलं, तेलाचा थेंब दिला. हूक मात्र एकाचाही बदलला नाही. ज्यांचे जुळतात ते जुळतील, ज्यांचे नाहीत ते शेजारी उभे राहतील. पहाटे कामाला जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर, मी गुडघ्यांवर रांगत होतो. लॅबमध्ये सुद्धा बोटांना रुळांची थरथर जाणवायची. मधूनच धास्ती दाटून यायची. आज शुक्रवार, आता रविवार येणार, दादा येणार, आणि तोंडून "बरं" निघणार. उतार बांधता येतो, पण तो शब्द कसा अडवायचा?

रविवारी दादा आला तो घडी घातलेले पुठ्ठ्याचे खोके काखेत मारून, हातात चिकटपट्टीचं नवं कोरं रीळ. त्याचे गुडघे हल्ली दुखतात, जिना चढून तो धापा टाकत होता. "चला, आवरू या पटापट. खाली गाडी भलत्याच जागी लावलीय." मग त्याला पॅसेज दिसला. पांढऱ्या टेकड्या, त्यांवरून उतरत गेलेले रूळ, फडताळावर ओळीनं उभे माझे डबे. "हे काय? आणि इंजिन कुठंय?" कपाटावर होतं, त्यानं ते उचलून आणलं आणि रुळांजवळ धरलं. "ह्याचा हूक डब्यांना बसतो ना?" माझे खांदे चढायला लागले. मला ते चढताना कळत होते, पाणी चढावं तसे. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आणि मी म्हणालो, "नाही." आवाज अगदी साधा निघाला. छत कोसळलं नाही. म्हणून मी पुढंही बोललो. "दादा, डबे इथून कुठं जाणार नाहीत. ते माझ्याकडे राहतील. आणि त्यांना इंजिन नको आहे." दादानं इंजिन रुळांशेजारी ठेवलं. "अरे, पण टेबल झालंय. मी सगळं..." "टेबल छानच असेल. इंजिनही सुरेख आहे, ते तू तिकडे फिरव, मी बघायला येईन. डबे इथंच." "माझं काही चुकलं का?" त्याच्या तोंडून हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला गलबलून आलं, पण तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. "काही चुकलं नाही. तू आता काही करू नकोस. इथं बस." खोके काखेत तसेच ठेवून तो वेताच्या मोड्यावर बसला.

मी कोळशाचा डबा फडताळाच्या कडेपर्यंत आणला आणि बोट काढलं. तो थबकला, आणि निघाला. पुस्तकांवरून उतरताना खडखड, प्लॅस्टरवर घरघर, पॅसेजमध्ये एकसुरी गुणगुण. फ्रिजचं वळण त्यानं सहज घेतलं आणि बाल्कनीच्या दाराशी चढावर श्वास सोडल्यासारखा थांबला. मग गुरांचा, रुसला नाही. मग सरकत्या दारांचा, त्याचं दार वाटेत आपोआप उघडलं आणि बायको मोठ्यानं हसली. मग तेलाची टाकी. ती सुटली, वळणावर एका बाजूच्या चाकांवर झाली, झुकली, आणि सावरून पुढं गेली. पुढच्या डब्याला जाऊन टेकली, टक्. एकामागून एक, टक्, टक्, काहींचे हूक अडकत होते, काही नुसतेच खेटून उभे राहत होते, पण रांग वाढत होती. घरात दुसरा आवाज नव्हता. निरनिराळ्या गाठोड्यांच्या तळातून आलेले, कुणी न उचललेले माझे डबे आपापल्या वजनानं चालत होते, आणि मला आनंद झाला होता. साधा, पोरकट, अंगभर आनंद. इतका की ओरडावंसं वाटत होतं. दादाच्या काखेतले खोके कधी खाली घसरले त्याला कळलं नाही. "ओढतंय कोण ह्यांना?" तो पुटपुटला. "कुणी नाही." "मग थांबतात कसे बरोबर?" "आपले आपण थांबतात."

शेवटी हिरवा राहिला होता. मी तो कापसातून काढला तसा दादा उठला. गुडघ्यांची कुरकुर न करता सरळ फडताळापाशी आला. "हा... हा अजून आहे?" त्यानं डबा हातात घेतला नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं, मोडक्या हुकाकडे, दारावरच्या पोपडा गेलेल्या जागेकडे. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, लिफ्टची कंपनी चालवून माणसांना वरखाली करणाऱ्या माझ्या दादानं विचारलं, "हा मी सोडू का?" मी डबा रुळांवर ठेवला. त्यानं धरला आणि सवयीप्रमाणे दणकून ढकलला. डबा उधळला, फ्रिजच्या दाराला आपटला, चाकं वर करून पडला. दादाचा चेहरा उतरला. बायकोनं डबा उचलून दिला. मी तो पुन्हा वर ठेवला, दादाचं बोट त्यावर ठेवलं. कातडी सुरकुतलेलं, नखाशी जाड झालेलं बोट. "ढकलायचं नाही, दादा. फक्त बोट काढायचं." "आणि नाही गेला तर?" "जातो." त्यानं श्वास आत घेतला. बोट निघेना. मला दिसत होतं, किती वर्षांपासून ते बोट तिथं होतं. कुणी घाई केली नाही. मग ते उचललं गेलं, केसभर, मग बोटभर. हिरवा डबा थबकला, आणि निघाला. खडखड, घरघर, पॅसेजमध्ये गुणगुण. दादा त्याच्या मागं मागं पॅसेजमधून चालत गेला, कंबरेत वाकून, हात पुढं केलेले, पण न शिवता. डब्यानं वळण घेतलं, चढ घेतला, आणि बिनहुकाच्या अंगानं रांगेच्या शेवटी अलगद टेकला. टक्.

दादा बाल्कनीच्या दाराशी मटकन खाली बसला. फरशीवरच. त्याचा चेहरा उजेडात होता आणि त्यावर बाबांचं घड्याळ मनगटावर चढण्याच्या आधीचं काहीतरी आलं होतं. त्यानं घाईघाईनं हिरवा डबा उचलला, तेलाची टाकी उचलली, दोन्ही छातीशी धरून तो पॅसेजच्या त्या टोकाकडून माझ्यावर ओरडला, "पुन्हा! आता दोन एकदम सोडतो!"

माझे खांदे जागच्या जागी होते.

"थांब," मी म्हणालो, "आता माझा नंबर."